माझ्याकडून झालं

भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. 'गो' टोक भोकात गेलं पाहिजे, 'नो गो' टोक जाता कामा नये. इतकं सोपं हत्यार, की नवा पोरगा पाच मिनिटांत शिकतो. गिऱ्हाईक कंपनीच्या गेटाशेजारी एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उकिडवा बसलो होतो. समोर आमच्याच पार्टचे क्रेट होते आणि हातातलं 'नो गो' टोक एकामागून एका भोकात विनातक्रार शिरत होतं.

याला 'सॉर्टिंग' म्हणतात. भोसरी-चाकण पट्ट्यात ज्यानं काम केलंय त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. तुमचा खराब माल गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडला की तुमचीच माणसं तिथे जाऊन बसतात आणि अख्खा लॉट एकेक पीस करून तपासतात. जेवणाची सोय आपली आपण बघायची. अपमानाची सोय गेटवरचा सिक्युरिटीवाला करतो.

दोन दिवसांत आम्ही १,४०० पीस तपासले. खराब निघाले ६३. बोअर, म्हणजे आतलं भोक, ४० मायक्रॉननं मोठा. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा मशीनवर लावून मापात आणता येतो. भोक मोठं झालं की संपलं, तो पीस भंगारात. कारणही लगेच कळलं होतं: रात्रपाळीत इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, भरताना वजाच्या जागी अधिक पडलं. होतं असं. माझ्याकडूनही झालेलं आहे.

मला झोंबलं ते दुसरंच. आमच्या सेटरला (मशीन मापाला लावून देणाऱ्याला), ज्यांना सगळे 'मामा' म्हणायचे, ही चूक रात्री अडीच वाजताच कळली होती. त्यांनी ऑफसेट दुरुस्त केला, मशीन पुन्हा चालू केलं. आधीचे पीस मात्र क्रेटमध्ये चांगल्या मालात मिसळले होते. ते शोधायचे तर लाइन थांबवावी लागली असती आणि लाइन थांबवायची तर मला फोन करावा लागला असता. त्यांनी फोन केला नाही. सकाळच्या टेम्पोत माल गेला.

मामा माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, औसा भागातले. शेडमध्ये माझ्याशेजारीच बसून तपासत होते. आवाज न चढवता (निदान माझी तशी समजूत होती) मी विचारलं, "मामा, रात्रीच फोन का नाही केलात?"

त्यांनी गेज रुमालानं पुसलं. "केला असता तर तुम्ही काय केलं असतंत, साहेब?"

याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. महिन्याभरापूर्वी सकाळच्या मीटिंगमध्ये मी एका वीस वर्षांच्या ऑपरेटरला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. त्याचे ११ पीस गेले होते. त्यातला एक त्याच्या हातात देऊन मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "पीस." मी म्हणालो, "नाही, हा तुझा पगार आहे." सगळे हसले. तेव्हा मला वाटलं, काय जबरदस्त मुद्दा मांडला आपण! मामा त्या दिवशी मागच्या रांगेत उभे होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या ६३ पिसांची किंमत सहा हजारांच्या आत होती. आठ माणसांचे दोन दिवस, टेम्पोच्या फेऱ्या आणि वर आलेली डेबिट नोट, म्हणजे गिऱ्हाइकानं आमच्या नावावर टाकलेला खर्च, असा सगळा हिशेब केला तेव्हा म्हण शब्दशः खरी निघाली, फक्त उलट बाजूनं. मूठ झाकली म्हणून सव्वा लाख गेले. आणि ती झाकायला शिकवलं होतं मी.

*

मराठीत चूक सांगायच्या तीन तऱ्हा आहेत. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पहिली: "तुटलं." टूल तुटलं, काच फुटली, पीस गेला. कर्ता नाहीच. वस्तू आपल्या आपण तुटतात, आपण फक्त साक्षीदार.

दुसरी: "मी तोडलं." यात कबुली आहे, पण मुद्दाम केल्याचा वासही आहे. कुणाचं टूल चुकून तुटलं असेल तर तो असं म्हणत नाही. असं म्हटलं की पुढे शिक्षाच येते.

आणि तिसरी: "माझ्याकडून तुटलं." या 'कडून'ची मला गंमत वाटते. माणूस जबाबदारी घेतोय, पण गुन्हा कबूल करत नाहीये. हात माझा होता, हेतू नव्हता, आणि आता पुढचं बघू या. एवढं सगळं एका शब्दयोगी अव्ययात. पण ज्या घरात, ज्या ऑफिसात पहिल्या दोन तऱ्हाच चालतात, तिथे ही तिसरी कुणाच्या तोंडावर येतच नाही.

आमच्या घरी लोणच्याची एक मोठी चिनी मातीची बरणी होती. ती फुटली तेव्हा मी आठेक वर्षांचा असेन. वडिलांनी बाहेरून आवाज दिला, "कोणी फोडली?" आम्ही भावंडांनी एकमुखानं सांगितलं, "मांजरानं." (आमच्या मांजरानं त्या काळात जेवढं फोडलं तेवढं फोडायला त्याला माणसाचे हात लागले असते.) आजी आतून आली. तिनं आधी आम्हाला मागे सारलं, पायात खापरी जाईल म्हणून. मग विचारलं, "कशी पडली रे?" मी सांगून टाकलं: फळी पुढे झुकलेली होती, डबा काढायला गेलो आणि बरणी घसरली. तिनं फळीकडे बघितलं, हात लावून हलवून पाहिली. त्या दिवसापासून आमची लोणची जमिनीवर आली.

'कोणी?' या प्रश्नावर घरात मांजर सापडलं होतं. 'कशी?' या प्रश्नावर फळी. कारखान्यात मी अकरा वर्षं 'कोणी?' विचारत होतो आणि आपली मांजरं इतकी हुशार कशी याचं नवल करत होतो.

*

पुढे कंपनीनं आम्हाला दोन दिवस लोणावळ्याच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. विषय: सायकॉलॉजिकल सेफ्टी. मराठीत मानसिक सुरक्षितता. हे दोन शब्द ऐकले की मला अजूनही एखाद्या विम्याच्या एजंटनं दार वाजवल्यासारखं वाटतं. ट्रेनरनं गूगलचा दाखला दिला. त्यांनी १८० टीम अभ्यासल्या आणि चांगल्या टीमचं सगळ्यात मोठं लक्षण काय तर हेच, वगैरे. मग फुगे फुगवायचा खेळ झाला. दुपारी मिसळ चांगली होती.

पण त्यात एक गोष्ट अशी सांगितली गेली की तिनं मी हललो, आणि नंतर मी ती शोधून सविस्तर वाचली. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरच्या एका अभ्यासात काम करत होत्या. चुकीचा डोस, चुकीची वेळ, चुकीचं औषध. त्यांचा अंदाज साधा होता: ज्या वॉर्डात माणसांचं एकमेकांशी जमतं, प्रमुख चांगला आहे, तिथे चुका कमी. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या वॉर्डात चुका जास्त! मग डोक्यात आलं की या चुका घडल्याच्या नाहीत, सांगितल्याच्या आहेत. हे आकडे माहीत नसलेला एक निरीक्षक त्या वॉर्डांत पाठवला, आणि त्यालाही तेच दिसलं. काही ठिकाणी परिचारिका चुकांबद्दल सहज बोलत होत्या, काही ठिकाणी कुणी तोंड उघडत नव्हतं. हा निबंध १९९६ मध्ये छापून आला. १९९९ मध्ये त्यांनी एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीमवरचा अभ्यास मांडला आणि 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' हा शब्द तिथून सगळीकडे पसरला. शब्द त्यांनी घडवलेला नाही. शाइन आणि बेनिस या दोघा अभ्यासकांनी तो १९६५ मध्येच वापरला होता.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा बोर्ड आला. शॉपच्या दारात लाइनवार रिजेक्शनचा, म्हणजे खराब मालाच्या टक्केवारीचा, बोर्ड होता. तीन नंबरची लाइन महिनोन्महिने सगळ्यात कमी, अर्ध्या टक्क्याच्याही खाली. एक नंबरची दीड-दोन टक्के. दर महिन्याला मी तीन नंबरवाल्यांना पेढे वाटायचो आणि एक नंबरच्या सुपरवायझरला केबिनमध्ये बोलवायचो. हा सुपरवायझर जरा वेंधळा, बोलताना अडखळणारा, पण त्याच्या लाइनवरची पोरं त्याला हाक मारून सांगायची, "ओ, हा बघा, गेला." आणि तो वहीत लिहायचा. मामा कुठल्या लाइनवर होते हे सांगायला हवं का?

म्हणजे मी इतकी वर्षं पेढे कशाचे वाटत होतो!

*

"बघतो साहेब." "होऊन जाईल." "जमवू कायतरी." "प्रयत्न करतो."

आमच्याकडे कारखान्यात 'नाही' या शब्दाला हे चार पर्याय आहेत, आणि ऐकणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असतात. "संध्याकाळपर्यंत हजार पीस निघतील ना?" "होऊन जाईल, साहेब." याचा अर्थ होणार नाही. मला माहीत आहे की होणार नाही, त्याला माहीत आहे की मला माहीत आहे. पण त्या क्षणी दोघांचीही सुटका होते. मी वर सांगायला मोकळा, तो चहाला जायला मोकळा.

त्यात आमचे रिव्ह्यू इंग्रजीत. म्हणजे स्लाइड इंग्रजीत, बोलणं अर्धं अर्धं. ज्या माणसाला आवाजावरून स्पिंडलचं बेअरिंग कधी जाणार हे कळतं, तो त्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून राहायचा. एकदा मी मामांना नंतर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तर आत का नाही बोललात?" ते म्हणाले, "वाक्य जुळवतोय तोवर तुम्ही पुढच्या स्लाइडवर." पुढच्या महिन्यापासून आमचा रिव्ह्यू मराठीत, मशीनपाशी उभं राहून सुरू झाला. एक तास लागायचा तिथे पंचवीस मिनिटांत संपायला लागला. कारण स्लाइडमागे लपायला कुणाला जागाच उरली नाही, मलाही.

आणि हो, 'माझ्या केबिनचा दरवाजा कायम उघडा आहे' हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. दरवाजा उघडाच होता. त्यातून आत येताना अख्ख्या शॉपला दिसायचं की कोण आत गेलं. सूचनापेटीही लावली होती. सहा महिन्यांनी उघडली तर त्यात गुटख्याची दोन पाकिटं आणि कँटीनच्या डाळीबद्दल एक चिठ्ठी. चिठ्ठीतला मुद्दा बरोबर होता.

*

माणूस बोलला की झालं, असं मात्र नाही. इथे मला मंगळूर आठवतं.

२२ मे २०१०. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ सकाळी मंगळूरला उतरत होतं. विमानात १६६ माणसं. धावपट्टी पठारावरची, टोकाला दरी. चौकशी अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. कॅप्टन प्रवासाचा बराच मोठा भाग झोपलेले होते, त्यांच्या घोरण्याचा आवाज कॉकपिटच्या रेकॉर्डरवर आहे. उठल्यावर विमान ठरलेल्या मार्गापेक्षा खूप वर होतं. ते तसंच खाली दामटलं गेलं. यंत्राचे इशारे वाजत होते. आणि सहवैमानिकानं एकदा नव्हे, तीनदा सांगितलं: गो अराउंड. म्हणजे उतरू नका, वर घ्या, फेरी मारून पुन्हा या. कॅप्टननी विमान उतरवलंच. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ते टेकलं साधारण ५,२०० फुटांवर. १५८ माणसं गेली, आठ वाचली.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगतात: बोला, स्पीक अप. हा माणूस बोलला होता. तीनदा. अहवालात आणखी एक वाक्य आहे, ते मी कितीदा तरी वाचलं. सहवैमानिकानं स्वतः 'गो अराउंड' करावं की नाही याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, कदाचित त्यामुळेच तो सांगत राहिला, पण त्यानं विमान आपल्या हातात घेतलं नाही. बोलायची मुभा होती. थांबवायचा अधिकार आहे की नाही, ते त्या कॉकपिटमध्ये, त्या काही सेकंदांत, स्पष्ट नव्हतं.

विमानवाल्यांनी हा धडा त्याआधीच किती मोठी किंमत देऊन शिकायला घेतला होता. १९७७ साली टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं मेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती, की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाहीये का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. तेव्हापासून वैमानिकांना विमान चालवण्याबरोबर एकमेकांचं ऐकायचंही प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. कॅप्टनला ऐकायचं, ज्युनिअरला ठासून सांगायचं. आणि तरी २०१० उजाडलंच.

टोयोटात ऑपरेटरच्या हाताशी एक दोरी असते (आता बऱ्याच ठिकाणी बटण), अँडॉन. गडबड दिसली की ओढायची. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. या कल्पनेचं मूळ कापड विणायच्या मागात आहे. साकिची टोयोदांच्या १९२४ च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड विणत बसायचा नाही. यंत्राला थांबायचा हक्क आधी मिळाला, माणसाला नंतर.

आमच्याकडेही दिवा होता. प्रत्येक मशीनवर बटण, दाबलं की वर लाल दिवा. वर्षानुवर्षं कुणी दाबलं नाही, दिव्यावर धूळ बसली होती. कारण ज्यांनी सुरुवातीला दाबलं त्यांच्याकडे मी तरातरा जायचो आणि म्हणायचो, "काय झालं आता?"

त्या 'आता'त सगळं होतं.

*

मग मी काय केलं? लिहायला सोपं, पण त्या वेळी मला घाम फुटला होता. मी ठरवलं की वाईट बातमी आल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य बदलायचं. बाकीचं नंतर. ट्रेनरनं सांगितलं होतं, आधी आभार माना. म्हणून मी म्हणायला लागलो, "बरं झालं सांगितलंत." आता हे वाक्य तुम्हीच मोठ्यानं म्हणून बघा. मराठीत ते टोमणा वाटल्याशिवाय राहत नाही. पहिल्या आठवड्यात ज्या तिघांना म्हटलं, ते तिघंही घाबरले.

शेवटी सापडलं ते "चला, बघू." त्यात आभार नाहीत, माफी नाही. दोघांनी मिळून मशीनपाशी जायचं एवढंच. चालता चालता राग उतरायला चाळीस पावलं मिळतात, हा वरचा फायदा.

दुसरं, सकाळच्या मीटिंगची सुरुवात माझ्या चुकीनं. पहिल्या दिवशी सांगितलं, "काल माझ्याकडून जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग खाली आलं, दोन तास गेले." कुणी हसेना, कुणी बोलेना. बहुतेकांना वाटलं असावं, साहेबांची बदली होतेय. दोन-तीन आठवड्यांनी एक नंबरचा तो अडखळणारा सुपरवायझर म्हणाला, "माझ्याकडून पण एक..." आणि थांबला. मी "चला, बघू" म्हणालो. आता यात काही चमत्कार झाला असं समजू नका. त्यानंतर पुन्हा महिनाभर शांतता होती.

तिसरं, लाल पेटी. शिफ्ट संपायच्या आत ऑपरेटरनं स्वतः लाल पेटीत टाकलेला खराब पीस त्याच्या नावावर मांडायचा नाही. कारण लिहायचं, नाव नाही. आणि घडायचं तेच घडलं. रिजेक्शन १.१ टक्क्यावरून २.६ वर गेलं.

वरच्या साहेबांनी मला बोलावलं. आलेख पुढ्यात. "हे काय चाललंय?"

पहिल्या महिन्यात मी एडमंडसनबाईंची वॉर्डांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, हॉस्पिटलचं राहू दे. तिसऱ्या महिन्यात मी खाली आलो आणि सुपरवायझरांना फक्त एवढंच म्हणालो, "रिजेक्शनकडे जरा बघा." बस. ओरडलो नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. आठवड्याभरात आकडा दीडवर आला. काय खाली आलं होतं ते मला चांगलंच कळत होतं, आणि तरी मी तो आलेख वर पाठवला. ही गोष्ट मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगितलेली नाही.

इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन आणि कलाम यांची गोष्ट एव्हाना प्रत्येक कॉर्पोरेट भाषणात घासून गुळगुळीत झाली आहे. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं तेव्हा पत्रकारांपुढे धवन स्वतः गेले. १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. मोठ्या मनाची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला त्यात आता दिशा दिसते. आपल्या टीमशी गोड बोलणं हे खालच्या दिशेचं काम, ते मला जमायला लागलं होतं. त्यांच्या आणि वरच्यांच्या मध्ये उभं राहणं हे वरच्या दिशेचं काम. तिथे मी तीन महिने टिकलो. धवनांना तर अख्ख्या देशाच्या पत्रकारांपुढे बसायचं होतं, मला फक्त एका एसी केबिनमध्ये.

*

आणि तो वीस वर्षांचा ऑपरेटर, 'हा तुझा पगार आहे'वाला.

तो ठेकेदाराचा माणूस होता. शॉपवरची निम्म्याहून जास्त पोरं ठेक्यावरची. कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरलं की काही हक्क लागू होतात, म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक' देतात. मग दुसऱ्या नावानं, दुसऱ्या कंपनीत, कधी त्याच कंपनीत पुन्हा. लाल पेटी सुरू झाल्यावर सगळ्यात आधी तिच्यात पीस टाकणाऱ्यांत हा होता. धूळ बसलेला दिवा पहिल्यांदा लागला तोही त्याच्याच मशीनवर. फिक्स्चरचा क्लॅम्प ढिला होता, त्याला कळलं, त्यानं बटण दाबलं. मी गेलो, "चला, बघू" म्हणालो, क्लॅम्प बदलला. मनातून खूश होतो.

दोन आठवड्यांनी लक्षात आलं की तो दिसत नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "त्याला बदली दिली, साहेब. जरा जास्तच बोलायचा."

माझ्याकडे त्याचा फोन नंबरही नव्हता. ठेकेदारानं दिला तो बंद लागला.

त्यामुळे मानसिक सुरक्षिततेबद्दल कुणी तावातावानं बोलायला लागलं की मला पहिला प्रश्न सुचतो तो पगाराच्या पावतीचा. ती कोणाच्या नावाची आहे? ज्याची नोकरी सात महिन्यांची आहे त्याला 'मोकळेपणानं बोल' म्हणणं म्हणजे त्याच्या पैशानं धाडस करायला सांगणं. पुस्तकांत टीम असते. आमच्याकडे एकाच मशीनपाशी तीन पगारपत्रकांवरची माणसं उभी असतात. त्यानंतर भांडून भांडून मी एवढंच मिळवलं, की माझ्या शॉपवरचा ठेक्याचा माणूस माझ्या सहीशिवाय हलवायचा नाही. ठेकेदार अजूनही मला टाळतो.

एक मात्र सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटेल की मी सगळं माफ करायला लागलो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतलेले राहावेत आणि बोटं डायखाली जाऊ नयेत म्हणून. एकानं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलं होतं. त्याला मी मेमो दिला, तिथल्या तिथे. तो चिडला. चिकटपट्टी काही 'त्याच्याकडून' लागली नव्हती, त्यानं लावली होती. पण मग संध्याकाळी त्या प्रेसचा ताशी आकडा काढून बसलो तेव्हा दिसलं, की दोन्ही बटणं दाबून तो आकडा गाठणं शक्यच नाही. आकडा मी ठरवलेला होता. मेमो मागे घेतला नाही, आकडा बदलला. यात मी बरोबर होतो की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

मामा पुढच्या वर्षी रिटायर होतील. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. अशा वेळी फोन म्हणजे गावाकडचं कुणीतरी गेलं, असंच वाटतं. बायको उठून बसली.

"झोपला होता का साहेब?" मामाच होते. मागे मशीनचा आवाज नव्हता, म्हणजे लाइन बंद. "माझ्याकडून एक झालंय."

माझ्या तोंडून "चला, बघू" निघालं नाही. निघालं, "किती?"

"तेवीस. लाल पेटीत टाकलेत, मिसळू नाही दिले. कालचा पण एक क्रेट बाजूला काढलाय, त्याचा भरवसा वाटत नाही. तुम्ही येताय, का मी बघून चालू करू?"

"कालचा क्रेट कशामुळे?"

"ते फोनवर नाही सांगता येणार. भोक बघावं लागंल."

बाहेर धो धो पाऊस. बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "कुणी नाही," आणि अंधारात रेनकोट शोधायला लागलो.